माळरान पडीक कसे ठरले

जळगाव जिल्ह्यात, चाळीसगाव तालुक्यात पाटणे नावाचे गाव आहे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांनी तिथे उत्खनन केले, तेव्हा अश्मयुगीन हत्यारांच्या थरात शहामृगाच्या अंड्यांच्या कवचाचे तुकडे मिळाले. एका तुकड्यावर कुणीतरी बारीक, एकमेकींना छेदणाऱ्या रेघांची नक्षी कोरलेली होती. कवचाचे वय निघाले सुमारे २५,००० वर्षे. शहामृगाच्या कवचाचे असे तुकडे राजस्थानात आणि मध्य प्रदेशातही ठिकठिकाणी सापडले आहेत. हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेने २०१७ मध्ये अशा कवचांतला डीएनए तपासला आणि हा पक्षी आफ्रिकेतल्या शहामृगाचाच भाऊबंद होता हे पक्के केले.

शहामृग दाट झाडीत राहत नाही. त्याला लांबवर नजर जाईल असे उघडे रान हवे, धावायला मोकळी जमीन हवी, बियाणे आणि कोवळा पाला हवा. तो पक्षी खानदेशात अंडी घालत होता, याचा अर्थ इथे तेव्हाही असे रान होते. झाडे तोडणारी कुऱ्हाड अजून घडायची होती, नांगर तर हजारो वर्षे पुढे होता. दख्खनचा माळ माणसाने झाडे तोडून केला, ही शाळेपासून आपल्या डोक्यात बसलेली समजूत इथेच पहिल्यांदा अडखळते.

ही समजूत आली कुठून आणि तिच्यापायी माळाचे काय झाले, त्याचा हा इतिहास. पण त्याआधी माळ मुळात का आहे, ते पाहायला हवे.

नैर्ऋत्य मोसमी वारे अरबी समुद्रावरून बाष्पाने भरून येतात आणि सह्याद्रीच्या भिंतीला धडकतात. वर चढताना हवा थंड होते आणि पाणी तिथेच कोसळते. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पाचगणी तिथून अठरा-वीस किलोमीटर. तिथे याच्या निम्माही पडत नाही. घाट उतरून वाईत आलो की आकडा सात-आठशेवर येतो. आणखी पूर्वेला, माण तालुक्यात, पाचशे मिलिमीटर पडला तर लोक वर्ष चांगले गेले म्हणतात. घाटमाथ्यावरची जांभूळ-अंजनीची सदाहरित राई आणि म्हसवडकडचा हिवर-बोरीचा माळ यांत एसटीचा जेमतेम एका दिवसाचा प्रवास आहे. जगाच्या नकाशावर वर्षावनापासून सॅव्हानापर्यंत जायला देशच्या देश ओलांडावे लागतात. साताऱ्यात ते एकाच जिल्ह्यात होते.

सॅव्हाना म्हणजे अखंड गवताचे आणि त्यात विखुरलेल्या झाडांचे रान. झाडे असतात, पण त्यांच्या फांद्या एकमेकींना भिडत नाहीत, म्हणून ऊन जमिनीपर्यंत पोचते आणि गवत टिकते. पृथ्वीवरच्या जमिनीचा मोठा हिस्सा अशा रानांनी व्यापलेला आहे. महेश शंकरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये आफ्रिकेतल्या शेकडो ठिकाणांची आकडेवारी एकत्र मांडून दाखवले, की वर्षाला सुमारे ६५० मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस असेल तर झाडांचे छत मिटूच शकत नाही, तेवढे पाणीच नसते. त्याहून जास्त पाऊस असेल तिथे झाडी दाटू शकते, पण वणवा आणि चरणारी जनावरे तिला उघडे ठेवतात. ही रेघ दख्खनवर धरून पाहावी. पूर्व पुणे, माण, खटाव, सांगोला, कर्जत, करमाळा हा सगळा मुलूख तिच्या अलीकडे किंवा अगदी तिच्यावर येतो. त्यात भर म्हणून वीतभर माती आणि खाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण. शिवाय सगळा पाऊस चार महिन्यांत. उरलेले आठ महिने मुळांना खडकाच्या फटीत जे सापडेल त्यावर काढायचे. अशा ठिकाणी गवत राज्य करणार, हे हवामानाने फार पूर्वी ठरवून टाकले आहे.

किती पूर्वी? पाकिस्तानातल्या पोटवार पठारावर शिवालिकच्या थरांत जुन्या मातीतले चुनखडीचे खडे सापडतात. मातीवर कोणत्या जातीची झाडे-गवते वाढत होती त्याची खूण या खड्यांतल्या कार्बनमध्ये राहते. १९८९ मध्ये जे क्वेड, थ्युर सर्लिंग आणि जॉन बोमन यांनी ती वाचली. सत्तर-ऐंशी लाख वर्षांपूर्वीपासून उन्हाळी, कडक ऊन सोसणाऱ्या गवतांनी तिथला मुलूख झपाट्याने व्यापलेला दिसला. उपखंडातल्या गवताळ रानांची परंपरा इतकी जुनी आहे. माणूस तेव्हा माणूस झालेला नव्हता.

या दीर्घ काळात माळाच्या वनस्पतींनी काय काय कमावले, ते पाहायचे तर एक कुसळ हातात घ्यावे. दिवाळीनंतर माळावरून चालून आले की धोतराच्या सोग्यात, सलवारीत, मेंढरांच्या लोकरीत ज्या काटेरी शेंड्या रुततात, त्या कुसळी गवताच्या बिया. बी इवलेसे, टोकाला सुईसारखे अणकुचीदार, आणि त्या टोकावर मागे वळलेले ताठ केस, म्हणजे एकदा रुतले की माघारी येत नाही. बियाच्या मागे तपकिरी, पीळ घातलेली लांब शेपटी. ओल लागली की पीळ उलगडतो, वाळले की पुन्हा बसतो. जमिनीवर पडलेले बी दव आणि ऊन यांच्या पाळीने असे फिरत फिरत मातीत शिरते. तळहातावर कुसळ ठेवून त्यावर पाण्याचा थेंब सोडला की शेपटी जिवंत असल्यासारखी वळायला लागते. मातीत बोटभर खाली गेलेल्या बियाला वरून गेलेल्या वणव्याची आच लागत नाही. झाडांची तऱ्हाही तशीच. हिवराची, बाभळीची, खैराची, पळसाची साल जाड. खोड जळले, तुटले, खाल्ले गेले तरी बुडातून पुन्हा फूट येते. पाला कमी, काटे जास्त. वणवा, चराई आणि अवर्षण यांच्या संगतीतच घडलेला हा संसार आहे. यांतले काहीही त्याला नवे नाही.

माणूस या रानात आला आणि त्यानेही रानाचीच शिस्त पाळली. शिरूर तालुक्यातल्या घोड नदीकाठच्या इनामगावचे उत्खनन डेक्कन कॉलेजने १९६८ पासून पंधराएक वर्षे केले, ह. धी. सांकळिया आणि म. के. ढवळीकर त्यात अग्रणी होते. इसवी सनापूर्वी १६०० ते ७०० या काळातली ही वस्ती. सुरुवातीचे लोक चौकोनी घरे बांधत, बार्ली पिकवत, नदीचे पाणी चर खणून शेताला नेत. इ. स. पू. १००० च्या सुमारास चित्र पालटते. ऐसपैस चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या येतात, शेती आक्रसते, शेळ्या-मेंढ्या आणि शिकार यांच्यावर भिस्त वाढते. हवामान कोरडे होत गेले, असे ढवळीकरांचे म्हणणे होते. पीक हातचे जाऊ लागले तेव्हा लोक गवताच्या आधाराला गेले. दख्खनमध्ये पुढची तीन हजार वर्षे वारंवार हेच घडत आले आहे: पाऊस दगा देतो आणि जित्राब तारून नेते.

म्हणून इथला जुना समाज समजून घ्यायचा तर मेंढपाळाच्या मागे चालावे लागते. धनगरांचे वाडे पावसाळ्यात पूर्वेच्या कोरड्या माळावर असतात, कारण दमट हवेत मेंढरांचे खूर सडतात. पाऊस सरला, माळावरचा चारा संपत आला की घाट उतरून कोकणात. तिथे भाताच्या रिकाम्या खाचरांत मेंढरे बसवायची, लेंडीखताच्या बदल्यात धान्य घ्यायचे आणि वळीव पडायच्या आत परत वर यायचे. ही वाट दोन हवामानांच्या मधल्या फरकावर आखलेली आहे. दामोदर धर्मानंद कोसंबी पुण्याच्या आसपासच्या टेकड्यांवर गारगोटीची सूक्ष्मास्त्रे गोळा करत हिंडले आणि त्यांनी तर्क मांडला, की पंढरीच्या वारीची वाटसुद्धा मुळात अशाच जुन्या, ऋतूप्रमाणे फिरणाऱ्या पशुपालकांच्या वाटेवर पडलेली असावी. गुंथर सोन्थायमर या जर्मन विद्वानाने आयुष्याची कितीतरी वर्षे धनगरांच्या ओव्या ऐकण्यात घालवली. खंडोबा, बिरोबा, म्हस्कोबा ही त्यांची दैवते माळावरची, टेकडीवरची. त्यांच्या कथांत वारूळ आहे, मेंढरे आहेत, कुत्री आहेत, घोडा आहे. या दैवतांना दाट अरण्याची सवय नाही.

घोड्यावरून आठवले. मराठ्यांच्या घोडदळाची कथा आपण किल्ल्यांच्या आणि लढायांच्या अंगाने सांगतो, गवताच्या अंगाने क्वचितच. भीमा आणि नीरा खोऱ्यातली भीमथडी तट्टे उंचीने बेताची, पण काटक, रानच्या चाऱ्यावर निभावणारी. मोहिमा दसऱ्याला निघत, तेव्हा नद्या उतरलेल्या असत, पिके हाताशी आलेली असत आणि माळावरचे गवत पुरुषभर वाढून पिकलेले असे. सरकारी कुरणे राखली जात आणि त्यांचे गवत कापून पागांसाठी साठवले जाई. ज्या राज्याची ताकद घोड्यावर होती, त्याला गवताळ जमीन ही दौलत वाटत होती. पडीक ती कुणालाच वाटत नव्हती.

मराठी वाङ्मयही हेच सांगते. आशीष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या संशोधकांनी तेराव्या शतकापासूनच्या मराठी साहित्यातले, चरित्रांतले, आख्यानांतले आणि लोकपरंपरेतले रानाचे उल्लेख गोळा करून २०२५ मध्ये ते प्रसिद्ध केले. जुन्या लेखकांनी पश्चिम महाराष्ट्राच्या पठाराचे वर्णन करताना ज्या झाडांची नावे घेतली, ती पुष्कळशी उघड्या, काटेरी, उन्हातल्या रानाची आहेत. साडेसातशे वर्षांपूर्वीच्या माणसाने जे पाहिले ते आजच्या माळाच्या ओळखीचेच होते. मला या अभ्यासाचे मोल फार वाटते, कारण त्याने पुरावा परक्या दप्तरांत शोधला नाही. आपल्याच पोथ्या उघडल्या.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि माळाकडे पाहणारी नजर बदलली. कंपनीला शेतसारा हवा होता. पहिली पाहणी प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने केली. तिचे आकारणीचे दर इतके अवास्तव होते की शेतकरी जमिनी टाकून निघून गेले. मग १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात नव्याने मोजणी सुरू केली. पुढे मुंबई इलाखाभर पसरलेली पद्धत ती हीच. शेतात खड्डा घेऊन मातीची खोली पाहायची, पोत आणि रंग पाहायचा, त्यावरून जमिनीची प्रत लावायची आणि प्रतीची किंमत आण्यांत ठरवायची. खोल काळी माती सोळा आणे. मुरमाड, उथळ जमीन यादीत अगदी तळाला. मोजणी प्रामाणिक होती, दर उतरले, लोक परत आले, नांगर वाढला, हे सगळे खरे. पण या मोजपट्टीत धान्य देणाऱ्या मातीलाच किंमत होती. कुसळी आणि पवन्या देणारा माळ तिच्यात बसतच नव्हता. साऱ्याच्या वहीत ज्याचे उत्पन्न दिसत नाही, ते हळूहळू अधिकाऱ्याच्या डोळ्यालाही दिसेनासे होते.

त्याच काळात माळावर दुसरेही काही चालले होते. रॉबर्ट मॅन्सफील्ड नावाच्या एका इंग्रज शिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत एकट्या अहमदनगर जिल्ह्यात ९६१ माळढोक मारल्याची नोंद आहे. एका माणसाची ही शिकार. माळढोकाची मादी वर्षाला बहुधा एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर. इतके पक्षी पोसणारा माळ किती अफाट असला पाहिजे, याचा अंदाज या आकड्यावरूनच करावा लागतो, कारण माळाची मोजणी कुणी केलीच नव्हती.

महसूल खात्यानंतर आले जंगल खाते. १८४७ मध्ये अलेक्झांडर गिब्सन हा सर्जन मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला. दापोडीच्या वनस्पती-उद्यानाचा कारभार त्याच्याकडेच होता. झाडे तोडली की पाऊस आटतो, ओढे कोरडे पडतात, ही चिंता त्या पिढीच्या डॉक्टर-वनस्पतितज्ज्ञांत सार्वत्रिक होती. कोकणातल्या आणि घाटावरच्या जंगलांबाबत ती चिंता योग्यही होती. पण तिच्यातून एक उलट निष्कर्ष निघाला: जिथे झाडे नाहीत आणि पाऊस कमी आहे, तिथे कधीकाळी झाडे असलीच पाहिजेत. कार्याला कारण समजण्याची ही गफलत पुढे दीडशे वर्षे टिकली. १८६४ मध्ये सर्व हिंदुस्थानचे वन खाते स्थापन झाले. त्याला लाकूड हवे होते. रेल्वेला स्लीपर लागत होते, गोदीला साग. १८७८ च्या वन कायद्याने सरकारला कोणतीही सरकारी जमीन राखीव करता येऊ लागली. मग टेकड्या, कुरणे, गायराने रेघेच्या आत गेली. १८७६ ते ७८ चा भीषण दुष्काळ नुकताच होऊन गेला होता. चारा आणि चराईची कधी नव्हे इतकी गरज असताना हे झाले. महात्मा फुले यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, त्यात या जंगल खात्यावर त्यांचा रोख आहे. गरीब शेतकरी गायरानावर दोन-चार गुरे-शेरडे पोसून, रानातला पाला-फळे विकून दुष्काळातून तगत असे. तेही दार बंद झाले, हे त्यांनी सरकारला तोंडावर सुनावले. माळाच्या बाजूने आधुनिक काळात लिहिलेला पहिला मोठा मराठी मजकूर मी हाच मानतो.

युरोपात त्याच शतकात नेमका उलट धडा लिहिला जात होता, ही या इतिहासातली सर्वांत चटका लावणारी गोष्ट आहे. अलेक्झांडर फॉन हम्बोल्टने १८०२ मध्ये अँडीजमधल्या चिंबोराझो पर्वतावर चढताना पाहिले, की उंची आणि उष्णता बदलली की वनस्पतींचे पट्टे बदलतात. आंद्रेआस शिंपरने १८९८ मध्ये जगाच्या वनस्पतींवरचा आपला मोठा ग्रंथ लिहिला आणि त्यात वनाचे हवामान वेगळे, गवताचे वेगळे, वाळवंटाचे वेगळे, असे स्पष्ट मांडले. व्लादिमीर क्योपेनने १९०० मध्ये हवामानाचे वर्गीकरण केले, ते वनस्पतींच्या सीमा पाहूनच. आजही शाळेच्या पुस्तकातल्या त्याच्या नकाशात दख्खनच्या मध्यभागी उष्ण अर्धशुष्क पट्टा दाखवलेला असतो. अमेरिकेत नेब्रास्काच्या प्रेअरीत वाढलेल्या फ्रेडरिक क्लेमेंट्सने १९१६ मध्ये सिद्धान्त मांडला, की प्रत्येक हवामानाचा एक परिपक्व निसर्ग असतो आणि मोकळ्या जमिनीवर टप्प्याटप्प्याने तो उभा राहतो. या सिद्धान्तावर पुढे पुष्कळ टीका झाली. पण क्लेमेंट्सने आपल्या प्रेअरीला परिपक्व निसर्गच मानले होते; गवत म्हणून कमी लेखले नव्हते.

तो मान भारतीय गवताला मिळाला नाही. हॅरी चॅम्पियन १९१५ मध्ये इंडियन फॉरेस्ट सर्व्हिसमध्ये आला आणि देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत वनसंवर्धनाचे काम करू लागला. १९३६ मध्ये त्याने हिंदुस्थान आणि ब्रह्मदेशातल्या वनप्रकारांची प्राथमिक पाहणी प्रसिद्ध केली. माणूस विलक्षण मेहनती, निरीक्षण अचूक. त्याच्या यादीतल्या झाडांची नावे आजही उपयोगी पडतात. एस. के. सेठ यांच्यासह त्याने १९६८ मध्ये हे काम वाढवून पुन्हा छापले, सोळा मोठे गट केले आणि तेव्हापासून भारतातल्या प्रत्येक वनाधिकाऱ्याच्या टेबलावर ते पुस्तक आहे. त्यात दख्खनचा माळ कुठे सापडतो? काही भाग ‘दक्षिणी उष्णकटिबंधीय काटेरी वन’ या गटात आणि काही भाग कोरड्या पानझडी वनाच्या खाली उपप्रकार म्हणून. प्रत्येक उपप्रकाराला सांकेतिक अक्षरे आहेत. कोरडी झुडपे, कोरडे सॅव्हाना वन, कोरडा गवताळ भाग या तिन्हींच्या पुढे ‘डीएस’ ही अक्षरे येतात. त्यांचा अर्थ ऱ्हासाची अवस्था. सत्तर लाख वर्षांचा वारसा असलेली एक जीवसंहती अशा प्रकारे एका कोष्टकात जंगलाचा आजार म्हणून नोंदली गेली. वनाधिकाऱ्याचे शिक्षण झाडांचे, खात्याचे उत्पन्न लाकडाचे. गवताला उत्तर म्हणून त्याला झाड दिसावे हे समजण्यासारखे आहे. पण समजले म्हणून त्याने झालेले नुकसान कमी होत नाही.

नुकसान झाले ते स्वातंत्र्यानंतर. १९७३ मध्ये दाबडघाव आणि शंकरनारायण यांनी भारतातल्या गवतांची पाहणी करून पाच मोठे प्रकार पाडले, त्यात दख्खनचे पवन्या-मारवेलचे रान ठळक होते. ती पाहणी चारा-तज्ज्ञांपुरती राहिली. १९८५ मध्ये राष्ट्रीय पडीक जमीन विकास मंडळ स्थापन झाले. २००० मध्ये उपग्रहाच्या छायाचित्रांवरून पडीक जमिनींचा राष्ट्रीय नकाशासंग्रह निघाला, आणि त्यात झुडपी जमीन आणि उघडी जमीन हे प्रकार घातले गेले. माळाला आता दिल्लीतला क्रमांक मिळाला. पडीक म्हटले की ती भरायची घाई येते. मग समतल चर खणले गेले, गिरिपुष्प आणि निलगिरी लावली गेली, औद्योगिक वसाहतींना प्लॉट मिळाले, जिथे पाणी पोचले तिथे ऊस आला, आणि अलीकडे सौर पॅनेलच्या रांगा. महाराष्ट्रात २०१९ च्या पावसाळ्यात ३३ कोटी झाडे लावण्याची मोहीम झाली. खड्डे काढायला मोकळी जागा हवी असते आणि मोकळी जागा म्हणजे माळ. गिरिपुष्पाच्या दाट सावलीत मारवेल तग धरत नाही. गवत गेले की चंडोल गेला, धाविक गेला, काळवीट शेतात उतरले. जंगल वाढल्याचा आकडा सरकारी अहवालात चढतो आणि एक जिवंत परिसंस्था त्याच आकड्याखाली गाडली जाते.

पुरंदरपासून सोलापूरपर्यंत माळ वाचवायचे प्रयत्नही झाले, पण तेही बहुतेक एकेका प्राण्याच्या नावाने. १९७९ मध्ये माळढोक अभयारण्य जाहीर झाले; सोलापूर आणि अहमदनगर जिल्ह्यांत मिळून ८,४९६ चौरस किलोमीटर. त्यात गावे, शेते, रस्ते सगळेच आले, लोकांच्या जमिनींचे व्यवहार अडकले आणि पक्ष्याविषयीच राग धरला गेला. पुढे ते क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले. १९८० मध्ये कर्जत तालुक्यात रेहेकुरीला काळविटासाठी २.१७ चौरस किलोमीटर, १९९७ मध्ये बारामती तालुक्यात सुप्याजवळ मयूरेश्वरला चिंकारासाठी ५.१४. आठवून पाहा, १८७५ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध पहिला उठाव केला तो याच सुप्यात. तिथला कोरडा माळ नेहमीच राज्यकर्त्यांच्या नजरेच्या कडेला राहिला. आज देशात दीडशेहून कमी माळढोक उरलेत, आणि ते बहुतेक राजस्थानात जैसलमेरकडे. ज्या नगर जिल्ह्यात एका बंदुकीने ९६१ पाडले, तिथे आता एकही स्थिर वस्ती नाही. लांडगा अजून आहे. तो मेंढरांच्या मागे फिरतो आणि मेंढपाळ गायरान शोधत फिरतो.

विचार बदलायला सुरुवात झाली ती गेल्या पंधरा वर्षांत. जयश्री रत्नम आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये आशियातल्या तथाकथित कोरड्या जंगलांना ती सॅव्हाना आहेत का, हा सरळ प्रश्न विचारला. जमिनीवर अखंड गवत आहे का, गवते उष्ण हवामानातल्या जातींची आहेत का, झाडे उन्हाची आणि आगीची सवय असलेली आहेत का, एवढेच तपासायचे. दख्खन या तिन्ही कसोट्यांना उतरतो. त्यानंतर माळावरच्या, इतर कुठे न आढळणाऱ्या वनस्पतींच्या याद्या होऊ लागल्या. खर्चुडीच्या कुळातल्या कंदीलफुलांसारख्या कित्येक जाती तर मुरमाच्या वीतभर मातीतच जगतात. वर्षातले बहुतेक महिने जमिनीखाली कंद होऊन राहायचे आणि पावसात चार आठवडे वर यायचे, असे त्यांचे आयुष्य. वृक्षारोपणाचा खड्डा पहिल्यांदा त्या कंदावर पडतो. पुणे वन विभागाने २०२४ मध्ये इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीला आणि बारामतीतल्या शिर्सुफळला गवताळ सफारी सुरू केली. विंगेटने ज्या तालुक्यात मुरमाड माळाला तळाची प्रत लावली, त्याच तालुक्यात लोक आता तिकीट काढून माळ पाहायला येतात.

एवढ्याने माळ वाचणार नाही. तो बहुतांश अभयारण्याबाहेर आहे. गावच्या गायरानात, वन खात्याच्या तुटक पट्ट्यांत आणि महसूल खात्याच्या जमिनीत. त्याचा निर्णय ग्रामसभेत होतो, कधी अर्ध्या तासात. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष कुरणे आणि पशुपालकांचे वर्ष म्हणून जाहीर केले आहे, तेवढे निमित्त पुरे आहे. तुमच्या गावचे गायरान वृक्षारोपणाला, प्लॉटला किंवा सौर प्रकल्पाला द्यायचा ठराव येईल तेव्हा सभेला जा. गावचा सरासरी पाऊस विचारा, माती किती खोल आहे ते विचारा, पावसाळ्यात तिथे कुणाची मेंढरे बसतात ते विचारा. पाऊस साडेसहाशेच्या आत असेल, खाली मुरूम असेल आणि वर कुसळी-पवन्या असेल, तर ते जमिनीचे मूळ रान आहे. तिथे खड्डे घेऊ देऊ नका.